कातळातील कणांचे विस्मृत दशक

भारतातील चुंबकत्वाच्या संशोधनाचा विषय निघाला की 2007 या वर्षाचा उल्लेख हमखास होतो, कारण त्या वर्षी अतिपातळ चुंबकीय थरांवरील कामासाठी आल्बेर फेर आणि पेटर ग्रूनबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि केंद्र सरकारचे नॅनो मिशनही तेव्हाच सुरू झाले. सूक्ष्म कणांचे चुंबकत्व आपल्याकडे जणू त्याच वर्षी जन्मले, असे मानण्याची रीत मग पडली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सह्याद्रीच्या काळ्या कातळावर, म्हणजे बेसाल्टवर, त्याआधी झालेले काम या उत्सवात कोणाला आठवले नाही, हे खटकण्याजोगे आहे.

मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडात अणूंची चुंबकीय परिबले एका ठरावीक मांडणीत बांधलेली असतात आणि ही शिस्त दूरवर टिकते. सुमारे 580 अंश सेल्सिअसला, म्हणजे क्यूरी तापमानाला, ती मोडते. कण फार लहान, साधारण 30 नॅनोमीटरच्या खाली असेल, तर आतील शिस्त शाबूत राहते, पण उष्णतेच्या धक्क्यांनी संपूर्ण कणाच्या चुंबकत्वाची दिशाच पुनःपुन्हा उलटते. या अवस्थेला अतिसमचुंबकत्व म्हणतात. लुई नेल यांनी 1949 मध्ये तिचा सिद्धांत मांडला तो भाजलेल्या मातीच्या संदर्भात, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे, कारण या शास्त्राचे मूळ घर माती आणि दगड हेच आहे.

पन्नाशीचे दशक भारतीय भूखंड दक्षिणेकडून सरकत आला की नाही या वादात गेले. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांचा दख्खनी खडकांच्या चुंबकत्वावरील निबंध 1956 मध्ये आणि डॉइच, राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांचा 1959 मध्ये प्रसिद्ध झाला. तो इतिहास बराच सांगून झाला आहे.

खरे मोलाचे दशक त्यानंतरचे, 1970 पासूनचे. बेसाल्टने जपलेली पृथ्वीच्या जुन्या चुंबकीय क्षेत्राची दिशा विश्वासार्ह मानायची, तर ती जपणारे कण कोणत्या आकाराचे आहेत हे आधी ठरवायला हवे, असा आग्रह टाटा संस्थेतील सी. राधाकृष्णमूर्ती, एस. डी. लिखिते आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी धरला. मंदायन वक्र, म्हणजे चुंबकीय क्षेत्र वाढवून-घटवून मिळणारा आलेख, काढण्याचे उपकरण त्यांनी 1965 मध्येच स्वतः रचले होते. खडकाचा तुकडा द्रवरूप नायट्रोजनने गार करून तो क्षेत्राला किती सहज प्रतिसाद देतो हे मोजायचे, ही त्यांची साधी रीत होती: उणे 150 अंशांच्या आसपास शिखर दिसले तर मोठे कण, आलेख जवळपास सपाट राहिला तर मधले, आणि गारठताच प्रतिसाद झपाट्याने घसरला तर अतिसूक्ष्म. ज्यांना आज महागड्या यंत्रांवाचून प्रयोग सुचत नाही, त्यांनी ही काटकसर एकदा अभ्यासावी.

ऑस्ट्रेलियातील सेनानायके आणि मॅकएल्हिनी यांनी 1981 मध्ये आक्षेप घेतला की अशी घसरण कणाच्या लहानपणामुळे नव्हे, तर त्यातील टायटॅनियममुळेही होऊ शकते. आक्षेप निराधार नव्हता आणि मुंबईच्या गटाने काही ठिकाणी घाईने निष्कर्ष काढले हेही खरे. परंतु उत्तर वादग्रस्त ठरले म्हणून मूळ प्रश्नच बाजूला सारावा, हे न्याय्य नव्हते. राधाकृष्णमूर्ती यांचा ‘मॅग्नेटिझम अँड बेसाल्ट्स’ हा ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक संस्थेने 1993 मध्ये काढला. तोवर विद्यार्थ्यांचे लक्ष पातळ थरांकडे वळले होते.

त्या थरांचे आकर्षण समजण्यासारखे आहे. सर्व दिशा सारख्याच असलेल्या द्विमितीय पदार्थात निरपेक्ष शून्याहून अधिक तापमानाला चुंबकीय परिबलांची अशी दूरवरची शिस्त टिकू शकत नाही, हे मर्मिन आणि वॅग्नर यांनी 1966 मध्ये सिद्ध केले. स्फटिकाने एखादी दिशा पसंत केली की ही मनाई उठते, आणि म्हणूनच 2017 मध्ये क्रोमियम आयोडाइडचा एकच थर 45 केल्विनपर्यंत चुंबक राहिलेला आढळला.

कातळाला अशी प्रतिष्ठा नाही. ठाण्यातील कोलशेतच्या खाडीकाठी जुन्या कारखान्यांच्या जागी मनोरे उठत आहेत आणि पायाखालचा बेसाल्ट फुटतो आहे. ठाणे-पनवेल पट्ट्यात लाव्ह्याचे थर पश्चिमेकडे कललेले असल्याने चुंबकीय अभ्यासासाठी नमुना काढण्यापूर्वी उत्तर दिशेबरोबर थराचा कलही नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतून माणूस येईपर्यंत थांबण्याची सवड कोणत्याही बांधकामाच्या वेळापत्रकात नसते.