आशाताईची वही आणि कृषी केंद्राचे बिलबुक

कीटकनाशकाच्या बाटलीवर एका टोकावर उभा केलेला चौकोन छापलेला असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग भरलेला असतो. लाल, पिवळा, निळा नाहीतर हिरवा. अक्षरओळख नसलेल्या मजुरालाही लालला भ्यायचे एवढे ठाऊक असते. हा रंग ठरतो प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरून. वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम औषध पोटात गेले की निम्मे प्राणी मरतात, हे पाहायचे. ५० पर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. वाळवीपासून बोंडअळीपर्यंत सगळ्यांवर मारले जाणारे क्लोरपायरिफॉस या हिशेबाने पिवळ्यात बसते.

म्हणजे तो रंग मरण मोजतो. पोटातल्या बाळाचे वजन शे-दोनशे ग्रॅमने घटले, किंवा तेच पोर सातव्या वर्षी वर्गात मागे पडू लागले, तर त्यासाठी बाटलीवर रंग नाही. जगात जिथे कुणी ते मोजायला बसले, तिथे काय सापडले आणि आपल्याकडे ते का सापडत नाही, हा या लेखाचा विषय आहे.

सर्वांत चिकाटीने मोजमाप झाले ते कॅलिफोर्नियातल्या सलिनास खोऱ्यात. स्ट्रॉबेरी, लेट्यूस आणि भाजीपाल्याचा हा मुलूख. शेतात राबणारी माणसे बहुतेक मेक्सिकोतून आलेली. १९९९-२००० मध्ये बर्कली विद्यापीठाच्या ब्रेंडा एस्केनाझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या ६०१ गरोदर बायकांची नोंद केली. काही स्वतः शेतात जाणाऱ्या, काहींचे नवरे किंवा घरातले इतर कुणी जाणारे. गरोदरपणात त्यांची लघवी तपासली. क्लोरपायरिफॉस, मॅलेथिऑन, डायझिनॉन ही सगळी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधे. ती शरीरात फार काळ टिकत नाहीत, दोन-चार दिवसांत त्यांचे तुकडे लघवीवाटे बाहेर पडतात. म्हणून आज लघवीत सापडले म्हणजे ते नुकतेच अंगात गेले होते. आणि रोज थोडे थोडे जात असेल, तर रोज सापडते.

ज्या आयांच्या लघवीत हे अंश जास्त होते, त्यांची बाळंतपणे सरासरीने थोडी आधी झाली. त्यांच्या नवजात बाळांच्या प्रतिक्षिप्त क्रियांमध्ये, म्हणजे तळव्याला बोट लावले की मूठ आवळणे वगैरे ज्या गोष्टी बालरोगतज्ज्ञ पहिल्या तपासणीत पाहतात त्यांमध्ये, दोष अधिक आढळले. संशोधकांनी मुलांचा माग सोडला नाही. पाचव्या वर्षी लक्ष एकाग्र होण्यात अडचण दिसली. सातव्या वर्षीच्या बुद्धिमापन चाचणीत सर्वाधिक संपर्काच्या गटातली मुले सर्वांत कमी संपर्काच्या गटापेक्षा सुमारे ७ गुणांनी मागे होती. एकट्या मुलाच्या बाबतीत ७ गुणांची घट कुणाच्या लक्षातही येणार नाही. आई म्हणेल, पोरगं जरा चंचल आहे.

हे का घडावे, याचा एक धागा त्याच अभ्यासात मिळाला. ही औषधे किडीला मारतात ती तिच्या मज्जासंस्थेतले एक विकर बंद पाडून. एका मज्जातंतूने दुसऱ्याला धाडलेला निरोप पुसण्याचे काम ते विकर करते, आणि ते थांबले की निरोप वाजतच राहतो. माणसात हीच यंत्रणा आहे, आणि गर्भाच्या मेंदूची जडणघडण होत असताना हेच निरोप पेशींना वाटही दाखवतात. मोठ्या माणसाच्या रक्तात या विषाचे तुकडे करणारे पॅरॉक्सोनेज नावाचे दुसरे एक विकर असते. सलिनासच्या नवजात बाळांमध्ये ते आयांच्या तुलनेत सरासरी चौपट कमी निघाले. आईला जे पचते, ते बाळाला पचत नाही.

यावर शंका घेता येते, आणि घेतली गेलीही. शेतमजुरांची घरे गरीब, कामे कष्टाची, आहार बेताचा. दोष औषधाचा की दारिद्र्याचा? सलिनासच्या संशोधकांनी उत्पन्न, शिक्षण, धूम्रपान वगैरे गोष्टी हिशेबात धरल्या, तरी शंकेला थोडी जागा उरतेच. मला विचाराल तर या शंकेचे सर्वांत समाधानकारक उत्तर शेतापासून फार दूर, न्यूयॉर्क शहरात मिळते.

कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९८ पासून उत्तर मॅनहॅटन आणि साउथ ब्राँक्समधल्या कृष्णवर्णीय आणि डॉमिनिकन गरोदर बायकांचा अभ्यास चालवला होता. तिथे कीटकनाशक यायचे ते झुरळांसाठी. जुन्या इमारती, एकाला एक लागून घरे, महिन्या-दोन महिन्यांनी फवारणारा माणूस येणार. संशोधकांनी प्रसूतीच्या वेळी नाळेतले रक्त घेतले आणि त्यात क्लोरपायरिफॉस मोजले. मग जून २००० मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने क्लोरपायरिफॉसचा घरगुती वापर टप्प्याटप्प्याने बंद करायचा करार उत्पादकांशी केला. अभ्यास चालूच होता, त्यामुळे त्याचे आपोआप दोन भाग पडले. जानेवारी २००१ च्या आधी जन्मलेली बाळे आणि नंतरची. वस्ती तीच, इमारती त्याच, गरिबीही तीच. आधीच्या बाळांमध्ये नाळेच्या रक्तात क्लोरपायरिफॉस आणि डायझिनॉन सर्वाधिक असलेल्यांचे वजन सर्वांत कमी असलेल्यांपेक्षा सरासरी १८६ ग्रॅम कमी भरले होते. नंतरच्या बाळांच्या रक्तात औषधाचे प्रमाण घसरले आणि वजनातला हा फरक नाहीसा झाला. यापेक्षा स्वच्छ पुरावा माणसांवर प्रयोग न करता मिळणे कठीण.

तीच औषधे शेतात मात्र चालू राहिली. शहरातल्या झुरळांच्या बाबतीत जे २००० मध्येच पटले, ते शेताच्या बाबतीत अमेरिकेला अजून धड पटलेले नाही. २०२१ मध्ये क्लोरपायरिफॉसची अन्नधान्यावरची परवानगी काढली, २०२३ मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

कॅलिफोर्नियात अभ्यासकांना एक मोठी सोय आहे. १९९० पासून तिथे शेतातल्या प्रत्येक फवारणीची नोंद सरकारला द्यावी लागते. कुठले औषध, किती, कोणत्या तुकड्यावर, कधी. तिथल्या सॅन होआकिन खोऱ्यातले १९९७ ते २०११ मधले पाच लाखांहून अधिक जन्म या नोंदींशी जुळवून पाहिले गेले. बहुतेक ठिकाणी फरक आढळला नाही, आणि हे सांगितलेच पाहिजे, कारण भीती विकणारेही बाजारात कमी नाहीत. पण सर्वाधिक फवारणीच्या वरच्या पाच टक्क्यांत कमी वजन, अकाली प्रसूती, जन्मजात दोष यांचे प्रमाण ५ ते ९ टक्क्यांनी वाढलेले दिसले. २०२४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ इयल फ्रँक यांनी तर वटवाघळांचा माग काढत हाच हिशेब मांडला. अमेरिकेत बुरशीच्या रोगाने कीटक खाणारी वटवाघळे मेली, त्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढवला, आणि तिथला अर्भकमृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढला.

आता आपल्याकडे. नोंदी नसल्या की काय होते, याचे भारतातले सर्वांत कडू उदाहरण केरळचा कासरगोड जिल्हा. तिथे सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. खाली डोंगरउतारावर वस्त्या, उघड्या विहिरी, ओढे. जन्मजात व्यंगे आणि मतिमंदत्व असलेली मुले गावोगाव दिसू लागली, हे पाद्रे गावच्या डॉ. मोहन कुमार यांनी आपल्या दवाखान्यात बसून ओळखले. कृषी खात्यातल्या लीलाकुमारी अम्मांनी न्यायालय गाठले. शास्त्रज्ञांची पथके आली ती फवारणी सुरू होऊन दोन दशके उलटून गेल्यावर. आधीची मोजमापे कुणाकडेच नसल्याने, कारण एंडोसल्फानच का, हा वाद अजून संपत नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्यावर बंदी घातली. २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये तीन महिन्यांत देण्याचा आदेश झाला. २०२२ मध्ये न्यायालयाने पाहिले, तर ३,७०४ पीडितांपैकी रक्कम मिळाली होती आठ जणांना.

आणि यवतमाळ. २०१७ च्या पावसाळ्यात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावर येत होता. विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. चौकशी पथक नेमले गेले, काही औषधांवर तात्पुरती बंदी आली. मोजली गेली ती पाठीवर पंप असलेली माणसे, आणि ती बहुतेक पुरुष होती. ड्रममध्ये पाणी भरून देणारी, दुसऱ्या दिवशी त्याच ओळींत निंदायला उतरणारी, संध्याकाळी औषधाने भिजलेले कपडे हाताने धुणारी, दिवाळीनंतर वेचणीला जाणारी बाई त्या यादीत येत नाही, कारण ती त्या दिवशी कोसळत नाही. ती चौथ्या महिन्यात आहे का, हेही कुणी विचारत नाही.

नाशिकच्या द्राक्षांचे मात्र नशीब बरे. युरोपला जाणाऱ्या मालाची अंश-तपासणी झाल्याशिवाय कंटेनर हलत नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले तेव्हा सगळा द्राक्षपट्टा हादरला होता. तेव्हापासून बागायतदार कुठले औषध काढणीआधी किती दिवस बंद करायचे ते तोंडपाठ सांगतो. त्याच बागेत विरळणी आणि डिपिंग (घड द्रावणात बुडवणे) करणाऱ्या बाईची लघवी मात्र कुणी तपासत नाही. खाणाऱ्याची काळजी आहे आणि तीही परदेशातल्याची, असेच म्हणावे लागते.

धोरणाच्या पातळीवर केंद्र सरकारने मे २०२० मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता. त्यात क्लोरपायरिफॉस होते. २०२३ चा अंतिम आदेश निघाला तेव्हा पूर्ण बंदीच्या यादीत ते उरले नव्हते. मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्क्यांचे द्रावण आणि इतर मोजकी तीन औषधे तेवढी गेली. मे २०२५ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बैठकीत क्लोरपायरिफॉस जगातून हद्दपार करायच्या यादीत घेतले गेले, तेही काही पिकांना सवलती ठेवून.

बंदीची वाट पाहत बसण्याची गरज नाही, असे मला वाटते. डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळाचे वजन करायला, श्वास मोजायला आणि लिहून ठेवायला शिकवले. ३९ गावांतल्या त्या कामाने नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले, आणि १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. आज तीच पद्धत देशभर आशाताई वापरतात. जन्मवजन, प्रसूतीची तारीख, किती आठवडे भरले, हे सगळे आशाताईच्या वहीत असते. दुसरीकडे, कीटकनाशक कायद्याच्या नियमांप्रमाणे प्रत्येक परवानाधारक विक्रेत्याला बिल द्यावे लागते, साठ्याची नोंद ठेवावी लागते आणि दरमहा ती कळवावी लागते. म्हणजे कुठल्या हंगामात कुठल्या गावाभोवती काय विकले गेले, हे कृषी केंद्राच्या बिलबुकात आहे. विकलेले म्हणजे फवारलेले असे नाही, कॅलिफोर्नियाइतका काटेकोरपणा यात येणार नाही. पण सुरुवात करायला पुरे आहे.

कापूस पिकवणाऱ्या एखाद्या तालुक्यात जिल्हा परिषदेने, कृषी विद्यापीठाने आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने पाच वर्षांच्या या दोन वह्या शेजारी ठेवून पाहाव्यात. गरोदरपणाच्या पहिल्या नोंदणीत एक प्रश्न वाढवावा: घरात फवारणी कोण करते, आणि ते कपडे कोण धुते? तोपर्यंत, ज्यांच्या घरी कुणाला दिवस गेले आहेत त्यांनी एवढे करावे. फवारलेल्या शेतात तिला लगेच पाठवू नये, लेबलवर लिहिलेले दिवस उलटू द्यावेत. फवारणीचे कपडे ज्याचे त्याने वेगळे धुवावेत, रिकामी बाटली घरात आणू नये, आणि पाण्याचा ड्रम पुरुषाने भरावा.