गोविंदपुऱ्यातले ऊन आणि रेकीची कमाई

२१ जूनच्या दुपारी भोपाळमध्ये माणसाची सावली जवळजवळ त्याच्या पायाखाली जाते. शहर कर्कवृत्ताच्या थोडेसेच दक्षिणेला आहे. अशा उन्हात चेहऱ्याचा फोटो काढला तर डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी दिसतात. डिसेंबर अखेरीस मात्र भर दुपारीही सूर्य ४३ अंशांच्या आसपासच चढतो. ऊन तिरपे आणि मवाळ पडते. सूर्योदयाची जागाही या दोन टोकांमध्ये क्षितिजावर ५० अंशांहून अधिक सरकते. जूनमध्ये पहिल्या किरणांत उजळणारी भिंत डिसेंबरच्या सकाळी सावलीत राहू शकते. सूर्य कुठून उगवेल हे मोबाइलमधले अ‍ॅप सांगते. समोरच्या झाडामुळे ऊन अर्धा तास उशिरा पोचते, हे मात्र तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक असते. बाहेरगावच्या फोटोग्राफरला ही माहिती पुरवून सुट्टीच्या दिवशी चार पैसे मिळवता येतात.

चित्रपटवाले या कामाला रेकी म्हणतात. प्रकाश झा यांनी ‘गंगाजल’साठी (२००३) बिहार उभा केला तो आपल्या वाईत, पुढे त्यांचे ‘राजनीती’ (२०१०) आणि ‘आरक्षण’ (२०११) भोपाळमध्ये चित्रित झाले. ‘पंचायत’ या मालिकेत उत्तर प्रदेशातले म्हणून दिसणारे फुलेरा गाव प्रत्यक्षात भोपाळशेजारच्या सीहोर जिल्ह्यातले महोडिया आहे. चित्रीकरणाला सर्वाधिक अनुकूल राज्याचा राष्ट्रीय पुरस्कारही मध्य प्रदेशाने पटकावला आहे. मोठ्या निर्मितीसंस्थांच्या दिमतीला लाइन प्रोड्यूसर असतो, लोकेशन मॅनेजर असतो. प्री-वेडिंगचे फोटो काढणारा किंवा साड्यांचा कॅटलॉग करणारा फोटोग्राफर मात्र एकटाच असतो. जोडधंद्याला वाव आहे तो त्याच्यापाशी.

भोपाळ म्हटले की मोठा तलाव, ताज-उल-मसाजिद आणि गोहर महाल आठवतो, आणि अल्बमांत पुन्हा पुन्हा तेच येतात. शहरातल्याच गोविंदपुरा भागाचे भांडवल निराळे आहे. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या, म्हणजे आजच्या ‘भेल’च्या कारखान्याभोवती हा भाग वाढला. देशभरातून माणसे इथे नोकरीला आली, त्यांत मराठीही होती. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा इथल्या वसाहतींत रुंद रस्ते, जुनी झाडे आणि एकाच ठेवणीची क्वार्टर्स आहेत. शेजारी औद्योगिक वसाहतीतल्या शेडच्या लांबच लांब भिंती. साठ-सत्तरच्या दशकातली सरकारी वसाहत दाखवायची असेल तर याहून चांगली पार्श्वभूमी सहज सापडणार नाही. ज्यांचे बालपण या गल्ल्यांत गेले, त्यांना ती पाठच असते.

पण पाठ असणे पुरत नाही, ते कागदावर उतरावे लागते. प्रत्येक जागेचे सकाळ, दुपार आणि संध्याकाळचे साधे फोटो, तेही तारीख-वेळेसह; कॅमेरा कोणत्या दिशेला धरला होता; गाडी कुठवर जाते; कपडे बदलायला आडोसा आणि स्वच्छतागृह किती लांब; वीज कुठून घेता येईल; पाळी सुटताना गर्दी किती होते; पावसाळ्यात पाणी साचते का. नवरीला भरजरी लेहंग्यात चिखलातून चालावे लागले तर सुंदर जागेचाही काही उपयोग नाही. फोटोग्राफर पैसे मोजतो ते या तपशिलांचे. सुंदर जागांची नुसती यादी त्याला फुकट मिळते.

परवानगी हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. भेलच्या कारखान्यात कॅमेरा चालत नाही आणि वसाहतीची जागाही कंपनीची, म्हणून आधी रीतसर विचारावे लागते. सांची, भीमबेटका, भोजपूर ही केंद्रीय संरक्षित स्थळे. तिथे पर्यटक म्हणून हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढणे वेगळे आणि ट्रायपॉड-लाइट लावून व्यावसायिक शूट करणे वेगळे. त्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आधीच अर्ज करावा लागतो. ड्रोनसाठी २०२१ च्या नियमांनुसार आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे विभाग पाडलेले आहेत. विमानतळ असलेल्या शहरात तो नकाशा पाहिल्याशिवाय शब्द देऊ नये. परवानगी न घेता शूट उरकून देतो म्हणणारा माणूस फोटोग्राफरचे सामान, वेळ आणि नाव तिन्ही धोक्यात घालतो.

पैशांचा हिशेब सोपा ठेवावा. पाहणीचा दिवसाचा दर, प्रवासखर्च वेगळा, शूटच्या दिवशी सोबत राहायचे असल्यास त्याचे निराळे, आणि काही रक्कम आगाऊ. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. मिळकत मात्र प्राप्तिकर विवरणात दाखवावीच लागते. काम हंगामी आहे: लग्नसराईच्या आधी आणि थंडीत मागणी, मे-जूनच्या उन्हात शुकशुकाट. नोकरी सोडून यात उडी घेण्यासारखे ते नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीपासून पाळावी. ज्यांच्या ओसरीवर किंवा अंगणात शूट होणार, त्या घरच्यांना आधी विचारावे, त्यांचा मोबदला कागदावर ठरवावा, आणि मगच ती जागा गिऱ्हाइकाला दाखवावी.