मशीनवर शून्य, स्टिअरिंगवर थरथर

पीएचडीची तयारी करताय ना? मग आज लॅबऐवजी गॅरेजमध्ये जाऊया.

गेल्या पावसाळ्यानंतर बाबांच्या गाडीचं स्टिअरिंग ताशी 80 च्या पुढे थरथरायला लागलं. 60 ला काहीच नाही. व्हील बॅलन्सिंग करून आणलं, मशीनवर शून्य आलं. थरथर तशीच. बाबा म्हणाले, "परत करून आण." परत केलं, परत शून्य. पैसे मात्र दोनदा गेले.

आधी बॅलन्सिंग का लागतं ते बघू. समजा, चाकाच्या मध्यापासून 20 सेंटिमीटरवर एका बाजूला 20 ग्रॅम वजन जास्त आहे. गाडीचा वेग ताशी 90 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 25 मीटर. चाकाची त्रिज्या 30 सेंटिमीटर धरली, तर ते सेकंदाला साधारण 13 फेरे घेतं. आता वस्तुमान गुणिले त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग करा. उत्तर येतं सुमारे 28 न्यूटन. म्हणजे जवळपास 3 किलो वजनाएवढा ओढा, आणि तो चाकाबरोबर सतत दिशा बदलतो! वेग निम्मा केला की हे बल पाव होतं. शिवाय चाकाचे फेरे सस्पेन्शन आणि स्टिअरिंगच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळले की अनुनाद होतो. म्हणून थरथर ठरावीक वेगालाच जास्त जाणवते.

बॅलन्सिंग मशीन चाक फिरवून सांगतं, रिमच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेला कुठे, किती ग्रॅमचं वजन लावायचं. पण त्याला कळते ती फक्त वजनाची वाटणी. वाकलेली रिमसुद्धा वजनं लावून शून्यावर आणता येते. रस्त्यावर ती वर-खाली होतच राहते.

मग आम्ही एकच गोष्ट बदलली. पुढची चाकं मागे लावली, मागची पुढे. थरथर स्टिअरिंगमधून गेली आणि सीटखाली जाणवायला लागली! दोष चाकांबरोबर मागे गेला, म्हणजे तो चाकांतच होता. मग गाडी उचलून रिमच्या कडेजवळ खडू धरला आणि एकेक चाक हाताने फिरवलं. एका रिमला दर फेऱ्यात त्याच जागी खडू घासत होता. कुठल्यातरी खड्ड्याने ती वाकली होती. रिम बदलली, थरथर गेली.

मशीन खोटं बोललं नव्हतं. त्याला जे विचारलं त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं होतं. आमचा प्रश्नच वेगळा होता. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही तेच मोजमाप पुन्हा पुन्हा घेत महिने घालवलेत. तुम्ही तेवढे घालवू नका. रीडिंग ठीक येतंय आणि अडचण मात्र तशीच आहे, असं झालं की थांबा. या उपकरणाला काय दिसत नाही, ते कागदावर लिहा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला.

आणि हो, बॅलन्सिंगला जाण्याआधी रिमच्या आतला वाळलेला चिखल धुऊन काढा. तोही वजनच असतो.