फिरत्या चावीवाल्याने कोणतं मशीन घ्यावं?

वैरागच्या बाजारात किंवा आसपासच्या गावांत चावी करून देताना विजेचा प्लग मिळेलच असं नाही. म्हणून १२ व्होल्टवर चालणारं मशीन सोयीचं. १२० वॅटचं मशीन बॅटरीतून साधारण १० अँपिअर घेतं. चावीला २ मिनिटं धरली, तर १५ चाव्यांना ५ अँपिअर-तास खर्च होतात. दुचाकीच्या बॅटरीवर हे केलं तर परतताना सेल्फ लागणार नाही. बॅटरी वेगळीच ठेवा.

मग चावीचा प्रकार पाहा. कडेला दाते असतील तर साधं मशीन पुरतं. चपट्या अंगावर नागमोडी खाच असेल तर उभा कटर लागतो. चिपच्या चावीने दार उघडेल, पण कोड नोंदवल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही.

घेण्यापूर्वी मोटर बंद ठेवून दोन्ही जबड्यांत हुबेहूब सारख्या चाव्या बसवा. मशीनचं टोक एकीला टेकताच कटर दुसरीला टेकायला हवा. फरक राहिला आणि तो जुळवता येत नसेल, तर ते मशीन स्वस्त मिळालं तरी नको. त्यावरची प्रत्येक चावी कुलपात अडकेल.