कुणीतरी ऐकलं म्हणून

शनिवार पेठेतल्या या सभागृहात आज आपण खानदेशातल्या एका शेतकरी बाईबद्दल बोलतो आहोत. बहिणाबाई चौधरी. जन्म १८८०, जळगावजवळचं असोदे. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, पदरात तीन मुलं. अक्षरओळख नाही. दळता-कांडता, शेतात राबता राबता त्या आपल्या बोलीत गाणी रचत. लेक सोपानदेव स्वतः कवी. घरात ती ऐकली गेली, काही उतरवलीही गेली. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या आग्रहानं, पुस्तक निघालं. छापलेलं पुस्तक त्यांनी पाहिलंच नाही. जे कुणी उतरवलं नाही, ते त्यांच्याबरोबरच गेलं. आपल्या घरातली आजी काय म्हणते, हे आपण कधी लिहून ठेवलंय का?