समजून घ्या : गुलामगिरीचा धडा कोकणातून का शिकवायचा?

गुलामगिरी म्हटलं की विद्यार्थ्यांना अमेरिका आणि अब्राहम लिंकन आठवतात. महात्मा फुले यांनी १८७३ मध्येच हा विषय महाराष्ट्राशी जोडला होता. ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं. हातखंब्याच्या शाळेत हा विषय शिकवायचा, तर उदाहरणांसाठी कोकणाबाहेर जावं लागत नाही.

खोती म्हणजे काय?
रत्नागिरी आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत सरकारी सारा खोत गोळा करायचे. कुळांना पिकाचा मोठा वाटा द्यावा लागे, शिवाय फुकट राबावं लागे, म्हणजेच वेठ. कागदावर ही गुलामगिरी नव्हती, पण ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती.

ती कोणी मोडली?
१९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही, असं ठरवलं. हाल सोसून हा संप १९३९ पर्यंत चालला. याच काळात, १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे रत्नागिरी जिल्ह्यातलंच. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला.

‘लग्नगडी’ कोण?
तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी कर्ज घेतलेला वारली तरुण बायकोसह सावकाराकडे वर्षानुवर्षं राबायचा. त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने वारल्यांनी वेठ नाकारली. त्या ऑक्टोबरमध्ये तलवाडा इथे झालेल्या पोलिस गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचा बळी गेला.

कायदा आला, मग प्रश्न संपला का?
वेठबिगारी निर्मूलन कायदा १९७६ चा. तरीही १९८० च्या दशकात वसई परिसरात वेठबिगार होते. त्यांच्या सुटकेसाठी विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्यासोबत आदिवासींची श्रमजीवी संघटना उभी राहिली. कायदा वापरायला लावणारी माणसंही लागतात, हा या धड्याचा गाभा आहे.

विद्यार्थ्यांनी काय ओळखायचं?
वीटभट्टी किंवा कोळसाभट्टीवर उचल घेऊन आलेल्या कुटुंबाबाबत तीन प्रश्न विचारायचे. किमान वेतन मिळतं का? उचलीचा हिशेब मजुराला दाखवतात का? काम सोडून जाता येतं का? उत्तरं ‘नाही’ असतील, तर ती वेठबिगारी असू शकते. मुलांनी स्वतः जाब विचारायला जाऊ नये. शिक्षकांमार्फत तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. वेठबिगारी सिद्ध झाली की कायद्याने ते कर्ज रद्द होतं. मजुराला एक रुपयाही फेडावा लागत नाही.