इशीचे धनुष्य

सुमारे तीस ग्रॅम वजनाची एक बारीक, सरळ काठी घ्या आणि ती सगळा जोर लावून हाताने फेका. किती लांब जाईल? फार तर वीस-पंचवीस पावले. तीच काठी धनुष्याला लावून सोडली, तर शंभर मीटरच्या पलीकडे जाते. हात तोच, दंडातली शक्तीही तीच. मग हा जास्तीचा वेग आला कोठून? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण एका खऱ्याखुऱ्या धनुर्धाऱ्याची ओळख करून घेऊ.

जंगलातून आलेला माणूस

२९ ऑगस्ट १९११ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, ओरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्याच्या आवारात एक भुकेला, थकलेला माणूस सापडला. त्याची भाषा तेथे कोणालाच समजेना. तो याही नावाच्या जमातीचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्या भागात आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी या जमातीच्या कत्तली केल्या. वाचलेली मूठभर माणसे डोंगरदऱ्यांत सुमारे चाळीस वर्षे लपून राहिली. बंदुकीचा बार दरीत फार दूरवर ऐकू जातो. धनुष्याचा टणत्कार जात नाही. लपून राहणाऱ्याला धनुष्याचा केवढा आधार होता, हे यावरून ध्यानात येईल.

१९०८ साली जमिनीची मोजणी करणारी एक तुकडी त्यांच्या झोपड्यांपाशी पोचली. माणसे पळाली, आजारी म्हातारी आई तेवढी मागे राहिली. तुकडीतल्या लोकांनी तिला इजा केली नाही, पण पांघरुणे, टोपल्या, हत्यारे, धनुष्यबाण असे जे सापडले ते सारे ते घेऊन गेले. त्यांना त्या गमतीच्या वस्तू वाटल्या. त्या माणसांच्या दृष्टीने मात्र तो येणाऱ्या हिवाळ्याचा घास होता. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी एकटा उरलेला माणूस बाहेर आला.

परक्यापुढे स्वतःचे नाव उच्चारायचे नाही, अशी त्याच्या जमातीची रीत होती. म्हणून मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हणायला सुरुवात केली. त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस. सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहू लागला. तेथे डॉ. सॅक्स्टन पोप या शल्यचिकित्सकाशी त्याची मैत्री जमली. पोप यांनी त्याच्याकडून धनुष्य बनवण्याची आणि चालवण्याची विद्या घेतली व ती बारकाईने लिहून ठेवली. मार्च १९१६ मध्ये इशी क्षयाने वारला. त्याची विद्या आज आपल्याला माहीत आहे ती बरीचशी या नोंदींमुळे.

ऊर्जेची पेढी

इशीचे धनुष्य लांबीला मीटरभराहून थोडेच मोठे होते. ते पुरते ओढायला सुमारे २० किलोग्रॅम वजन उचलण्याइतका, म्हणजे जवळजवळ २०० न्यूटन जोर लागे. आता हिशेब करू. दोरी ओढायला लागताना जोर शून्य असतो आणि शेवटी २०० न्यूटन होतो. सरासरी १०० न्यूटन धरू. दोरी अर्धा मीटर मागे येते. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. म्हणून धनुष्यात १०० × ०.५ = ५० ज्यूल ऊर्जा साठते. पाच किलोची धान्याची पिशवी मीटरभर उचलायला एवढीच ऊर्जा लागते.

ही सर्व ऊर्जा बाणाला मिळत नाही. काही भाग धनुष्याचे बाहू आणि दोरी हलवण्यात जातो. बाणाला ३० ज्यूल मिळाले असे धरा. बाणाचे वस्तुमान ०.०३ किलोग्रॅम. गतिज ऊर्जेच्या सूत्राने वेगाचा वर्ग २००० येतो, म्हणजे वेग सेकंदाला सुमारे ४५ मीटर. ताशी १६० किलोमीटर!

धनुष्याने नवी ऊर्जा निर्माण केली का? मुळीच नाही. उलट थोडी वायाच घालवली. हाताने काठी फेकताना काठीबरोबर आपल्याला अख्खा हातही पळवावा लागतो. हात काठीच्या शंभरपटीने जड. त्यामुळे बहुतेक श्रम हातावरच खर्च होतात. धनुष्य ओढताना हात सावकाश चालतो, सेकंदभर वेळ घेतो. सुटताना मात्र बाण अर्ध्या मीटरचा तो प्रवास सेकंदाच्या सुमारे पंचेचाळिसाव्या भागात संपवतो. भरणा हळूहळू केला, उचल एकदम घेतली. धनुष्य म्हणजे ऊर्जेची पेढीच म्हणा ना!

पाठ आणि पोट

वाकलेल्या धनुष्याची बाहेरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. आतली बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. मध्ये कोठेतरी असा एक थर असतो की तो ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही. लाकूड फार ताणले की पाठीवरचा एखादा तंतू तुटतो, तेथून चीर धावते आणि धनुष्य कडकन मोडते.

इशीने यावर योजलेला उपाय असा. तो जुनिपरचे लाकूड घेई आणि त्याच्या पाठीवर हरणाच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडांना बांधणारे चिवट तंतू, चिकटवी. डिंक सामन माशाची कातडी उकळून केलेला. कंडरा लाकडापेक्षा कितीतरी अधिक ताणली तरी तुटत नाही. शिवाय वाळताना ती आकसते. म्हणजे ताण सोसणारा पदार्थ ताणाच्या जागी बसला. सिमेंटच्या तुळईत खालच्या बाजूला लोखंडी सळ्या घालतात त्यामागेही हेच तत्त्व आहे.

बांबूत निसर्गानेच ही सोय केली आहे. त्याचे चिवट तंतू बाहेरच्या सालीकडे दाट असतात. मी एकदा बांबूच्या कामठीचे धनुष्य केले, पण हिरवी साल पोटाकडे ठेवली. ते पहिल्याच ओढीला मोडले. सातपुड्याकडून आलेला माझा एक विद्यार्थी ते पाहून हसला आणि म्हणाला, “सर, उलटे केलेत!” सूत्रे मला येत होती, बांबू त्याला येत होता.

लाकूड तासताना लागणारा संयमही गणितातून समजतो. कामठीची जाडी निम्मी केली तर तिचा ताठपणा निम्मा होत नाही, आठवा भाग होतो; कारण ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. जाडी दहा टक्क्यांनी उतरली की ताठपणा सत्तावीस टक्क्यांनी उतरतो! म्हणून इशी थोडे घासे, वाकवून पाही, पुन्हा थोडे घासे. एक चुकीचा घाव आणि सारी मेहनत फुकट.

अंतराचा प्रश्न

आता महत्त्वाची गोष्ट. पोप लिहितात की चाळीस यार्डांवरच्या निशाणावर नेम मारण्यात इशी त्यांच्यापेक्षा मागे पडे. मग शिकारीत तो एवढा तरबेज कसा? पुन्हा आकडे पाहा. सेकंदाला ४५ मीटर वेगाने आडवा सोडलेला बाण २० मीटर जाईपर्यंत सुमारे एक मीटर खाली येतो. ४० मीटर जाईपर्यंत मात्र तो जवळजवळ चार मीटर खाली येतो. अंतर दुप्पट, घसरण चौपट. लांबवर नेम धरताना अंतराच्या अंदाजात थोडी चूक झाली तरी बाण हुकतो.

दुसरी अडचण आवाजाची. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. चाळीस मीटरवरच्या हरणाला दोरीचा आवाज बाणाच्या आधी पाऊण सेकंद ऐकू येतो. उडी मारायला तेवढा वेळ पुष्कळ झाला. दहा मीटरवर हा अवधी सेकंदाचा पाचवा भागच उरतो.

म्हणून इशीची खरी विद्या बाण सोडण्याच्या आधीची होती. शिकारीच्या आदल्या दिवशी तो मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे. पहाटे ओढ्यात अंघोळ करी, अंगाला वासाचा पाला चोळी आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चाले. ओठांवर बोटे ठेवून सशाच्या केविलवाण्या ओरडण्याची नक्कल करी, की ससे जवळ येत. डोक्यावर हरणाचे पेंढा भरलेले मुंडके बांधून झुडपाआडून डोकावे, की कुतूहलाने हरीण पुढे येई. धनुष्याचा पल्ला वाढवण्याच्या भानगडीत तो पडला नाही; त्याने अंतरच कमी केले. रानात त्याला वाट पाहणे ठाऊक होते, आणि चाळीस वर्षे त्यावरच त्याची माणसे जगली.

तुम्ही करून पाहा

बांबूची मीटरभर कामठी घ्या, साल बाहेर ठेवून तिला दोरी बांधा. दोरीच्या मध्यात प्रयोगशाळेतला ताणकाटा अडकवा आणि दर पाच सेंटिमीटरला किती बल लागते ते मांडा. आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे धनुष्यात साठलेली ऊर्जा. ते मोजायला बाणाची गरज नाही. धनुष्य माणसांवर किंवा पशुपक्ष्यांवर कधीही रोखू नका. आणि दोरी रिकामी सोडू नका, कारण बाण नसला की सगळी ऊर्जा कामठीतच परत येते व ती फुटते.

आलेख काढून झाला की क्षणभर थांबा आणि विचार करा. इशीने असा आलेख कधी काढला नव्हता, पण त्यातला प्रत्येक बिंदू त्याच्या बोटांना ठाऊक होता. त्याच्या झोपडीतून ज्यांनी ते धनुष्य उचलून नेले, त्यांना आपण काय नेत आहोत याची कल्पना नव्हती. तुम्हाला आता ती आहे.